कॅज्युअल्टीच्या दारात पोचणारी चिठ्ठी

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, आमच्या घराजवळ एक सीनियर कॉलेज आहे. तिथली मुलंमुली गेली काही वर्षं स्वतःचं प्रथमोपचार पथक चालवतात. कुणाला चक्कर आली, फिट आली, लॅबमध्ये भाजलं, गेटसमोर कुणी गाडीवरून पडलं, की पहिली धाव यांची. पैसे घेत नाहीत, आणि कॉलेजबाहेरच्या माणसालाही परत पाठवत नाहीत. माझी भाची तिथे बी.एस्सी.ला आहे आणि मी रोज सकाळी त्यांच्या ग्राउंडवर चालायला जाते, त्यामुळे पथकाचं काम घरातून ऐकलं आणि डोळ्यांनीही पाहिलं. माझी सगळी नोकरी स्टाफ नर्स म्हणून सिव्हिलला झाली, त्यातला मोठा काळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या विभागात. हे लिहिते ते त्या नजरेनं. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि त्या मी प्राचार्यांना भेटून आधीच सांगितल्या आहेत.

पथकाची खोली जिमखान्याच्या शेजारी आहे. दारावर हिरवी पाटी आणि तीवर पांढरी फुली. ती पाटी पाहूनच मला बरं वाटलं. आपल्याकडे दवाखाना, मेडिकल, रुग्णवाहिका, जिथे बघाल तिथे लाल फुली रंगवलेली असते. ते रेडक्रॉसचं चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार ते कुणीही उचलून वापरायचं नसतं. या मुलांना हे माहीत होतं, म्हणजे शिकवणाऱ्यानं नीट शिकवलेलं आहे. आत एक कॉट, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, आणि खुंटीला अडकवलेली पाठीवरची बॅग. मी ती बॅग उघडून बघितली. हातमोजे, गॉज, क्रेप बँडेज, त्रिकोणी बँडेज, बोथट टोकाची कात्री, खपच्च्या, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज. आतल्या कप्प्यात पेन्सिलनं लिहिलेली यादी, कुठली वस्तू कधी एक्स्पायर होते त्याची. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. आपल्या सोलापूरचा हा डॉक्टर तिशी गाठायच्या आत, १९३८ मध्ये, युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. मुलांनी योग्य माणूस निवडला आहे.

ड्युटी तासांच्या हिशेबानं लावलेली असते. एका वेळी दोघं, त्यात एक मुलगी असतेच. ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतलेली आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पाळीच्या दुखण्यानं वाकलेली पहिल्या वर्षाची मुलगी दोन मुलांना काय सांगणार? बहुतेक सगळे एनएसएस किंवा एनसीसीचे आहेत. एनएसएसला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, त्यात ही ड्युटी धरली जाते. पण तास भरून झाल्यावरही थांबणारी मुलं मी पाहिली आहेत. प्रत्येक मजल्यावर एका मोबाईलचा नंबर चिकटवलेला आहे, तो मोबाईल ड्युटीवाल्याकडे फिरतो.

आता ग्राउंडवरची घटना सांगते. एप्रिलचा शेवट होता, परीक्षा चालू होत्या. सोलापुरात त्या दिवसांत सकाळी नऊलाच जमीन तापलेली असते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्या ग्राउंडवर सोळाशे मीटरचा सराव करतात. त्यातला एक जण उशिरा आला होता, उन्हात एकटाच पळत होता. पळता पळता तो वाकडातिकडा जायला लागला, मग बसला, मग आडवा झाला. आम्ही चालणारी मंडळी जमलो तोवर तो काहीतरी असंबद्ध बोलत होता. बरोबरच्या पोरांनी बाटली उघडून त्याच्या तोंडात पाणी ओतायची तयारी केली होती. एवढ्यात पथकाची मुलगी आली, मागून बॅग घेऊन एक मुलगा. तिनं पहिल्यांदा बाटलीवाल्याचा हात धरला. "तोंडात नको, अंगावर ओता. सगळं अंगावर ओता." शुद्ध धड नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं, हे वॉर्डात नवीन आलेल्या नर्सलाही मला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

त्याला उचलून कडुलिंबाच्या सावलीत नेलं. शर्ट, बूट, मोजे काढले. मानेला, काखेत, जांघेत ओले फडके ठेवले, अंगावर पाणी मारत राहिले, आणि दोन पोरांना पुठ्ठे देऊन वारा घालायला बसवलं. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू गडबडतो. अशा वेळी माणूस जितक्या लवकर थंड होईल तितका वाचतो, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वाट बघायची नसते. मी नर्स आहे म्हटल्यावर ती मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मग काकू, पल्स तुम्ही बघा, मी लिहून घेते." मला ते खूप आवडलं. भांबावली नाही, माझ्या स्वाधीन करून बाजूलाही झाली नाही. मुलगा १०८ ला फोनवर सांगत होता: कॉलेजचं नाव, मागचं गेट, पाण्याच्या टाकीची खूण, आणि एक जण गेटवर उभा करतो. खरंच एकाला गेटवर पाठवलं होतं. गाडी पुढच्या गेटला जाऊन वळसा घेण्यात जाणारी मिनिटं ज्यानं मोजली आहेत त्यालाच गेटवरच्या माणसाची किंमत कळेल.

१०८ ची गाडी आली, डॉक्टर उतरले, आणि मुलीनं त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली.

या पथकाबद्दल मला जे मुख्य सांगायचं आहे ते या चिठ्ठीबद्दलच. त्यांच्याकडे कार्बन लावलेलं बिलबुकासारखं एक पुस्तक आहे. वरची प्रत पेशंटबरोबर जाते, खालची खोलीत राहते. त्यावर लिहायचं काय: नाव, वय, घटना कधी घडली, आम्ही कधी पोचलो, काय दिसलं, शुद्ध कशी होती, नाडी, श्वास, काय केलं, तोंडावाटे काही दिलं का, आधीचा आजार, चालू औषधं, ॲलर्जी, नातेवाइकांना कळवलं का. सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात. कॅज्युअल्टीत आमच्याकडे पेशंट यायचे ते असे: रिक्षावाला बेशुद्ध माणसाला आत आणून ठेवायचा आणि निघून जायचा. नाव काय, माहीत नाही. कधीपासून असा आहे, माहीत नाही. काही घेतलं होतं का, पडला का आधी चक्कर आली, डोकं आपटलं का, काहीच माहीत नाही. मग डॉक्टर शून्यापासून शोधायला लागतात आणि त्यात वेळ जातो. लक्षणं सुरू होण्याची वेळ एवढी एकच ओळ मिळाली तरी लकव्याच्या पेशंटचे उपचार बदलतात. ही मुलं ती ओळ लिहून देतात.

गेटसमोरच्या एका अपघाताची कार्बन कॉपी मी नंतर वाचली. पोराच्या गाडीवर मागे बसलेल्या एका वयस्कर बाईंचा पदर चाकात अडकला आणि त्या रस्त्यावर पडल्या. डोक्याला खोक, रक्त भरपूर. बाई पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या, घाबरल्यावर तेलुगूशिवाय काही बोलेनात. त्यांच्या पोराला तर काही सुचतच नव्हतं. पथकातला एक मुलगा अशोक चौकाकडचा, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातला. त्यानं जखम दाबून धरली, गॉज भिजलं तरी वरचं न काढता त्यावरच दुसरं ठेवलं, आणि दाबता दाबता बाईंशी तेलुगूत बोलत राहिला. त्यातून कळलं की बाईंना हृदयाचा त्रास आहे आणि त्या रक्त पातळ होण्याची गोळी रोज घेतात. चिठ्ठीवर ती गोळी ठळक अक्षरात होती, खाली दोन रेघा. डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी हे दोन एकत्र आले की बाहेरून माणूस ठीक दिसला तरी आत रक्तस्राव चालू असू शकतो, म्हणून डॉक्टर वाट न बघता लगेच सीटी स्कॅन करायला पाठवतात. इतकी मोलाची माहिती एका सेकंड इयरच्या पोरानं रस्त्यावर गुडघ्यावर बसून मिळवली.

सोलापुरात ही गोष्ट सगळीकडे लागू आहे. घरात तेलुगू बोलणारी माणसं, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, विजापूर वेशीतली दखनी बोलणारी, एकाच कॉलेजात शिकतात. दुखत असताना माणूस आईच्या भाषेतच बोलतो. पथकाच्या ड्युटीच्या तक्त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याला येणाऱ्या भाषा लिहिलेल्या आहेत. असा तक्ता मी कुठल्या वॉर्डात लावलेला पाहिला नव्हता, आणि प्रत्येक वॉर्डात असायला हवा असं आता वाटतं.

मोठ्या घटना कमीच. रोजचं काम म्हणजे चक्कर, घोळणा, मुरगळलेला पाय, कापलेलं बोट. मोहोळ, मंद्रूप, अक्कलकोटहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या मुली चहावर निघतात आणि दुसऱ्या तासाला कोसळतात. पथक त्यांना आधी झोपवतं, पाय वर करतं, मग विचारतं, "सकाळी काय खाल्लं?" खोलीत गूळ-शेंगदाण्याचा डबा असतो. उपवासाच्या दिवशी तो जास्त लागतो असं भाची सांगते. उन्हाळ्यात घोळणा फुटलेल्या मुलांची रीघ असते. घरी आपण लगेच डोकं मागे करायला लावतो. ही मुलं पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घट्ट धरायला लावतात, आणि घड्याळ लावतात. तेच बरोबर आहे, मागे केलं की रक्त घशात उतरतं.

गोळ्या मात्र देत नाहीत. एका सरांनी डोकं दुखतं म्हणून साधी तापाची गोळी मागितली तर ड्युटीवरच्या मुलानं "सर, आम्हाला परवानगी नाही" म्हणून हात जोडले. सर चिडले. मला त्या मुलाचं कौतुक वाटलं, कारण आपली हद्द समोर सर उभे असताना पाळणं अवघड असतं. ज्याला काय करायचं नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्या हातात पेशंट देताना मला भीती वाटत नाही.

भाचीच्या वर्गातल्या एका मुलीला गॅदरिंगच्या तालमीत आकडी आली. कुणी चप्पल काढून नाकाला लावायला धावलं, कुणी कांदा आणायला कँटीनकडे, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबायला लागलं, एकानं दात बसतील म्हणून चमचा आणला. यातली एकही गोष्ट करायची नसते. चमच्यानं दात तुटतात आणि तुकडा घशात जातो. पथकानं सगळ्यांना मागे केलं, डोक्याखाली दप्तर सरकवलं, बाकं दूर ओढली, वेळ बघितली, आणि झटके थांबताच तिला कुशीवर वळवलं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर लगेच १०८, असा त्यांचा नियम आहे. तिची त्याआधीच थांबली. पण भाचीला लक्षात राहिलं ते वेगळंच. पथकातल्या मुलींनी ओढण्या धरून गोल कडं केलं आणि तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे मोबाईलवाल्यांना काही दिसू नये. त्या अवस्थेत कपडे ओले होतात, आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला की मुलगी कॉलेज सोडते. ही मुलगी पुढच्या आठवड्यात तालमीला परत आली. ओढण्यांचं ते कडं कुठल्या पुस्तकात नाही, ते या पोरींना आपणहून सुचलं.

परवानगी काढून मी त्यांच्या एका सराव-वर्गालाही बसले. सीपीआर शिकवत होते, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी बसवलेली पद्धत आहे, त्यात तोंडानं श्वास न देता फक्त छाती दाबायची असते: ओळखा, मदत बोलवा, दाबा, दवाखान्यात पोचवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मुलांना आकडे पाठ होते, हात मात्र तितके तयार नव्हते. बऱ्याच जणांचे कोपर वाकत होते, आणि दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ देत नव्हते. तसं केलं की हृदयात रक्त भरायला वेळच मिळत नाही. यात दोष मुलांचा नाही. सरावाचा पुतळा बाहेरून मागून आणतात, तो वर्षाकाठी एखाद्या वेळी येतो. बाकी सराव उशीवर, आणि उशीवर खोली कळत नाही. एक पुतळा कॉलेजनं विकत घ्यायलाच हवा.

एईडीही नाही, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन. ते स्वतःच बोलून सूचना देतं, शिकलेला विद्यार्थी वापरू शकतो. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉक नसेल तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कॉलेजात फक्त विशीतली पोरं नसतात, पन्नाशीचे शिपाई, वॉचमन, प्राध्यापक, परीक्षेला पोचवायला आलेले वडीलही असतात. गॅदरिंगच्या मांडवावर आणि साऊंडवर होणारा खर्च पाहता या दोन वस्तूंसाठी पैसे नाहीत हे मी मान्य करणार नाही.

दुसरी मोठी उणीव वेळेची. संध्याकाळी पाचनंतर खोलीला कुलूप. होस्टेलवर रात्री कुणी आजारी पडलं तर रेक्टर आणि रूममेट, एवढंच. पथकातली काही मुलं होस्टेललाच राहतात, त्यांच्याकडे एक बॅग ठेवली तरी निम्मं काम होईल. स्ट्रेचर स्टोअरमध्ये कुलपात असतो आणि किल्ली एका शिपायाकडे. तो जेवायला गेला की संपलं. केमिस्ट्री लॅबच्या दारात बादली आणि एक बारीक नळ आहे. ॲसिड उडालं तर वीस मिनिटं वाहतं पाणी लागतं, त्या नळाला तेवढी धार नाही.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागली. त्या अपघातात जखम दाबून धरलेल्या मुलाला नंतर काही दिवस जेवण जात नव्हतं. हाताला रक्ताचा वास येतो म्हणायचा. त्याच्याशी कुणी बसून बोललं नव्हतं, शाबासकी मात्र सगळ्यांनी दिली होती. आम्हाला नोकरीच्या सुरुवातीला असं व्हायचं तेव्हा वॉर्डातली मोठी सिस्टर चहाला बाजूला घेऊन जायची. या मुलांना अशी मोठी सिस्टर नाही. मी त्याच्याशी बोलले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, आणि प्राचार्यांना सांगितलं की प्रत्येक गंभीर घटनेनंतर पथकाला कुणा जाणत्या माणसाबरोबर बसवा. मी येते म्हणाले आहे.

पालक एक शंका हमखास काढतात: उद्या पेशंटला काही झालं तर आमच्या पोराच्या मागे पोलीस लागतील. त्यासाठी सांगते. अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर फौजदारी वा दिवाणी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे कलम खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, असं मी मुलांना सुचवलं.

अमेरिकेत कॉलेजांमधली अशी पथकं जुनी आहेत. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातलं १९८२ चं, आणि अशा पथकांची देशभरची संघटना १९९३ ची. तिथे विद्यार्थी रीतसर परवाना घेतात, काही ठिकाणी स्वतः ॲम्ब्युलन्स चालवतात. आमची मुलं ते वाचून आपलीही गाडी हवी म्हणतात. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. रिकामी जागा आहे ती गाडी येण्याआधीच्या मिनिटांची, आणि तीच या मुलांनी भरली आहे. तसंच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मदत केंद्र लावायचा त्यांचा विचार आहे. जानेवारीतली ती गर्दी लाखांची. पुतळ्यावर हात पक्के होईपर्यंत त्यांनी तिथे स्वतंत्र केंद्र लावू नये, सरकारी पथकाच्या हाताखाली उभं राहावं.

एवढं सगळं धरूनही, या पथकाच्या भरवशावर भाचीला मी निर्धास्तपणे कॉलेजला पाठवते. तुमचं मूल त्या कॉलेजात असेल तर पथकाच्या खोलीत एक नोंदवही आहे, तिच्यात त्याचा आजार, औषधं, ॲलर्जी आणि घरचे दोन नंबर लिहून या. पानं बंद कपाटात असतात आणि किल्ली फक्त ड्युटीवाल्याकडे असते, हे मी तपासलं आहे. भाचीच्या पानावर आणि तिच्या आयकार्डाच्या मागे मी लाल शाईनं लिहून दिलं आहे: पेनिसिलीन चालत नाही.